एक खरं पायजे

अनसाआत्या रडायला येईपर्यंत आमच्या गावात कोणी पुरतं मेलेलं नसे. वैद्य हातातली नाडी सोडून उठून गेलेला असे, तिरडीचे बांबू दारात येऊन पडलेले असत, तरी घरातल्या बाया हुंदके आवरून वाटेकडे बघत बसत. मग भाजीच्या मळ्याकडून आत्या यायची. हातात विळा असला तर तो बाहेर कुंपणात खोचायची, पदराने कपाळ पुसायची आणि उंबऱ्याशी थांबून घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाला म्हणायची, "एक खरं सांग."

"काय सांगू, आत्या?"

"त्याचं एक खरं. लाहानसं असलं तरी चालते."

रडून सुजलेल्या त्या माणसाला काही सुचत नसे. मग कोणी म्हणे, त्यायले भाकरीचा पापुद्रा लय आवडे. कोणी म्हणे, ते झोपेत हसत. आत्या मान हलवायची, आत जाऊन प्रेताच्या पायाशी बसायची आणि तेवढ्या एका पापुद्र्यावर अर्धा तास हेल काढून रडायची. आवाज चिरका होता. शब्दही कधी सरळ, कधी अर्धे. पण त्या रडण्यात मेलेला माणूस उठून बसे. भाकरी परतणारी त्याची आई यायची, त्याने पेरलेली शेतं यायची, त्याच्या वाट्याला न आलेलं सुख यायचं. बाया तिच्यामागून हेल ओढत. बाहेर ओट्यावर बसलेले पुरुष घशातल्या घशात खाकरत.

हे काम तिला कोणी दिलं नव्हतं. जात माळ्याची, चार वाफे वांग्यांचे, दोन मिरचीचे, कडेला कोथिंबीर. शेजारच्या बीबी गावच्या बाजारात तिची जागा ठरलेली. रडण्याबद्दल ती कोणाकडून चहाही घेत नसे. उलट चौथ्या दिवशी त्या घरी अंबाडीच्या भाजीची एक जुडी पाठवून द्यायची.

मला तिचा राग यायचा. आधी तो का यायचा ते सांगते.

संपततात्या म्हणून आमच्या आळीला एक गृहस्थ होते. त्यांच्या विहिरीला बाराही महिने पाणी. आणि विहिरीची दोरी तात्या रोज संध्याकाळी गुंडाळून घरात नेऊन ठेवत, खाटेखाली. उन्हाळ्यात बाया रिकाम्या घागरी घेऊन त्यांच्या दारावरून जात, तेव्हा ते आतून खोकत. दोरी मागायची हिंमत होऊ नये असा तो खोकला होता. ते वारले तेव्हा आत्याने त्यांच्या बायकोला नेहमीचा प्रश्न विचारला. बायको अखेर म्हणाली, "चैतात फुटक्या मडक्यात चिमण्यायसाठी पाणी ठेवत."

आत्या रडली. चिमण्यांचा पाणीवाला गेला, आता तहानलेल्या जिवाने कोणाच्या दारी जावं. मीही त्या घरात होते. मॅट्रिक होऊन आले होते आणि सगळ्या जगाचा न्याय करायला बसले होते. मला हसू येत होतं आणि चीडही.

तेराव्याला पंगतीत कोणीतरी सहज म्हणालं, "तात्यानं पाण्याले कोणाले ना म्हटलं नाही." कोणी हसलं नाही. दोघांनी मान हलवली. मी घरी गेले, वही घेतली आणि आळीतल्या सात घरी जाऊन विचारून आले. तात्याच्या विहिरीचं पाणी तुम्ही प्यालात का? सहा घरांनी सांगितलं, हो. एकीने तर घागर कोणत्या रंगाच्या चुंबळीवर होती तेही सांगितलं. सातवी माझी माय. ती म्हणाली, "त्याची दोरी म्या जल्मात पाह्यली नाही." महिन्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मायही अडखळली. "एकडाव देल्लं व्हतं वाटते, त्यायनं पाणी."

वही घेऊन मी तरातरा मळ्यात गेले. आत्या वाफ्याला पाणी देत होती.

"आत्या, तू गावाले खोटं शिकवून राह्यली."

"काय खोटं? चिमण्या नव्हत्या?"

"चिमण्या व्हत्या. पण माणसायले त्यानं थेंब देल्ला नाही."

"म्या माणसायचं नाव घेतलं?"

"लोकायनं तसं धरलं ना."

"मंग लोकायले जाऊन विचार, मले काऊन विचारतं?" ती फावड्याने बारं फोडत म्हणाली. पाणी दुसऱ्या सरीत वळलं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "तात्या तं गेला. दोरी आता त्याच्या पोराच्या हाती हाय. आपला बाप पाण्याले ना म्हणत नव्हता असं गावभर आयकल्यावर ते पोरगं ना म्हणू शकते काय?"

त्या उन्हाळ्यात संपततात्याच्या मुलाने दोरी विहिरीवरच ठेवली. मी ते वहीत लिहिलं नाही. माझं म्हणणं त्याने खोटं पडत नव्हतं, पण अवघड होत होतं, आणि अवघड गोष्टी लिहायची मला तेव्हा सवय नव्हती.

माझी विद्या पत्रकांची. माझे बाबा मी पाच वर्षांची असताना गेले. ते शेतमजूर बायांच्या मजुरीसाठी गावोगाव बोलत, आणि त्यांच्यामागे आमच्या घरी एक पत्र्याची पेटी भरून पत्रकं उरली. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली. इतर पोरी ओव्या पाठ करत तेव्हा मला 'बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा' पाठ होतं. पत्रकात 'बहुधा' हा शब्द नसतो. 'मला वाटतं' नसतं. जे झालं ते झालं, ज्याने केलं त्याने केलं, आणि विसरणारा तो फितूर. मी यावर वाढले. आजही यातलं बरंचसं मला पटतं.

आत्याचं विसरणं मात्र मी जवळून बघत आले होते, आणि ते फितुरीसारखं दिसत नव्हतं. ती कोणाच्या मरणावरून परतली की आधी नाल्यावर जायची, तीन चुळा भरायची, मग घरी. नंतर कोणी म्हणालं, "आत्या, परवा काय सुंदर रडलीस, सांग ना पुन्हा," तर तिचा चेहरा खरोखर कोरा असे. "मले काय ठाऊक? सांडलं ते." लक्षात ठेवायच्या गोष्टींसाठी ती पदराला गाठी मारी. बाजारातून मीठ आणायचं, एक गाठ. अमकीला रोपं द्यायची, दुसरी. दिवस कलला की ओट्यावर बसून एकेक गाठ हातात घ्यायची. "ही कायची वं?" निम्म्या आठवत नसत. मग ती सोडून टाकायची. "जाऊ दे. ज्याले गरज असंन तो येईन." मीठ राहून जाई. शेजारणींकडून उसनं आणताना तिला काही वाटत नसे.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावात पाटी आली होती, योजना आल्या होत्या, पण कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी पुरुषांच्या निम्मीच होती. मी पत्रक लिहायचं ठरवलं. बाबांचं काम पुढे न्यायचं, आणि बाबांना ज्याने मारलं त्याचं नाव छापायचं.

कारण मी ते पाहिलं होतं. बीबीचा बाजार, लिंबाचं झाड, मी बाबांच्या धोतराचा सोगा धरून उभी. ज्या मालकाच्या शेतावरच्या मजुरीसाठी बाबा बोलत होते, त्याचा गाडीवान भिकाजी गर्दीतून आला. त्याच्या हातात बैलाची पराणी होती, टोकाला लोखंडी आर असलेली काठी. ती वर गेली आणि खाली आली. बाबांच्या पांढऱ्या टोपीवर लाल फूल उमललं. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. घरात बाबांचा विषय निघाला की माय चुलीकडे तोंड वळवायची. पण गावात भिकाजीबद्दल लोक कुजबुजत, ते माझ्या कानावर होतं. त्याच्या दारचं पाणी कोणी मागून पीत नसे.

पत्रकाचा गठ्ठा मेहकरच्या छापखान्यातून आला. दुसऱ्या दिवशी बीबीचा बाजार होता, तिथे वाटायचं होतं. मी एक प्रत घेऊन आत्याकडे गेले. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकण्यात तिच्याइतकं तरबेज कोणी नव्हतं.

"या, लेखिकाबाई," ती वांगी तोडत म्हणाली. "वाच. वांगे बी आयकतीन."

मजुरीचा भाग तिने मान डोलवत ऐकला. मग मी बाबांच्या मरणाकडे आले. लिंबाचं झाड आलं, पराणी आली, पांढऱ्या टोपीवर लाल फूल उमललं. मी वर पाहिलं तर आत्याचे हात थांबले होते. देठावर धरलेलं वांगं तिने सोडून दिलं.

"हे फूल कुठून आणलं वं?"

"आणलं नाही. म्या पाह्यलं."

"कोणाच्या टोपीवर?"

"बाबाच्या."

"तुह्या बाबानं टोपी घातल्याली कधी पाह्यली?"

बाबांचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. माझ्याजवळ तो बाजार होता, आणि त्यात टोपी होती.

"त्या दिवशी तू बाजारात नव्हतीस," आत्या म्हणाली. "तुले गोवर निघाला व्हता. अंग फुललं व्हतं तुह्यं. दिवसभर माह्या मांडीवर व्हतीस. भिकाजी तुह्या बापाले गाडीत घालून घेऊन आला, तवा तू दारातून पाह्यलं. पराणी त्याच्या हातात व्हती, कारण तो गाडीवान हाय. दुसरं काय असंन त्याच्या हातात?"

"अन् फूल?"

ती वाफ्याच्या कडेला बसली.

"ते माह्यं हाय," ती म्हणाली.

तिचा एकुलता भाऊ गोविंदा, माहेरी दुसरबीडला. अखाजीच्या सणासाठी त्याने पांढरी टोपी आणली होती, पहिल्यांदाच घातली होती. पाण्याच्या पाळीवरून बांधावर भांडण झालं आणि कोणीतरी त्याच्या डोक्यात पराणी घातली. आत्या तेव्हा नवी सासुरवाशीण. सासरच्यांनी तिला पाठवायला उशीर केला. ती पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. टोपी मात्र कोणीतरी खुंटीला अडकवून ठेवली होती.

"त्याच्यावर मले रडाले भेटलं नाही. मंग मी ज्याच्या त्याच्यावर रडत गेली. तुह्या बापाच्या वक्ताले तुह्या मायले इचारलं, काही सांग. ती दगडावानी बसेल व्हती, शब्द नाही. माह्या हाती काहीच नव्हतं. तं जे आत व्हतं ते बाहेर आलं. पराणी आली, टोपी आली. सारं गाव आयकत व्हतं. तू बी आयकत व्हतीस, तापात."

मी म्हणाले, "मंग तवाच काऊन नाही सांगतलं? लोक भिकाजीचं नाव घेऊन राह्यले ना वीस वर्सं."

"मले वाटलं, गाव हाय, विसरून जाईन. सारं विसरते हे गाव. तात्याची दोरी महिनाभरात विसरलं." तिने पदराचं टोक हातात घेतलं. "हेच काऊन विसरलं नाही, ते मले समजत नाही. तवापासून म्या ठरवलं, एक खरं हाती आल्याशिवाय तोंड उघडाचं नाही."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. म्हातारी घाबरली आहे, भिकाजीला वाचवते आहे, असं मनात म्हणत घरी आले आणि पत्र्याची पेटी उघडली. पत्रकांवर बाबांचा रुमाल घडी करून ठेवलेला असे, आपल्याकडे म्हातारे डोक्याला गुंडाळतात तसला लांब. पेटी उघडताना तो काढायचा, बंद करताना ठेवायचा, हे मी लहानपणापासून करत होते. तो बाबांच्या डोक्याचा रुमाल आहे हेही मला माहीत होतं. टोपी घालणाऱ्या माणसाला रुमाल कशाला, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी तो उलगडला. मधोमध काळा, चिकट, कितीदा धुऊनही न गेलेला डाग. रक्ताचा नव्हता.

"वंगणाचा हाय," माय पाठीमागून म्हणाली. "बाजारातून भिकाजीच्या गाडीत येतानी नाल्यात चाक फसलं. तुह्ये बाबा उतरले, रुमाल काढून खांद्याले लावला अन् चाकाले रेटा देल्ला. पाय घसरला. डोकं चाकाच्या लोखंडी धावेवर आपटलं. भिकाजीनं उचलून आणलं."

"तुले ठाऊक व्हतं?"

"हाव."

"मंग लोक काही बाही म्हणत व्हते तवा बोलली काऊन नाही?"

माय चुलीकडे वळली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "लोक म्हणत, मजुरायसाठी मार खाऊन मेला. चिखलात पाय घसरून मेला म्हणून सांगू? त्यायले तेवढंच मोठं मरण भेटलं व्हतं, बाई."

मी रुमाल पुन्हा घडी करून पेटीत ठेवला.

सकाळी आत्या दारात उभी. पदराला एकच गाठ, मोठी, ओली करून आवळलेली.

"बाजारात मंग जाऊ. आधी माह्यासंगं चाल."

भिकाजी अंगणात गाडीचा आख पुसत होता. बोटं वंगणाने काळी झालेली. केस पांढरे, पाठ वाकलेली. एवढ्या वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. त्याने आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चिंधी खाली ठेवली.

"बसा, अनसाबाई."

आत्या बसली नाही. "भाऊ, हिच्या बापावर म्या जे रडलं, ते माह्या भावाचं व्हतं. आळ तुमच्यावर आला. वीस वर्सं म्या तोंड उघडलं नाही. ते सांगाले आली."

भिकाजी उठून उभा राहिला.

"मले ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "पयले चार-पाच वर्सं तं पक्कं ठाऊक व्हतं. नाल्यात घसरला, म्या उचलला. मंग लोक पाहत राह्यले. पोरीच्या सोयरिकीले पाव्हणे येत, चहा घेत, जात, मंग निरोप येत नसे. एक दिवस बैल जुपतानी पराणी हाती घेतली, अन् वाटलं, असंन बा. आपणच मारलं असंन. मालकानं सांगतलं असंन, आपण मारलं असंन, अन् घसरला हे मनानं बसवलं असंन." त्याने हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे वळला. "तू त्यायची पोरगी. नव्हतं ना मारलं म्या?"

मी तिथे नव्हते. मी गोवराने फणफणून आत्याच्या मांडीवर होते. माझ्याजवळ एका रुमालाचा डाग आणि दोन बायांचं सांगणं एवढंच होतं.

"नव्हतं मारलं, काका," मी म्हणाले.

तो आखाशी पुन्हा बसला, पण चिंधी उचलायला त्याला वेळ लागला. निघताना त्याच्या सुनेने पाणी आणलं. आत्याने तांब्या घेतला आणि अंगणात उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, घटाघटा प्यायली.

त्या बाजारात पत्रक वाटलं गेलं नाही. पुढचे आठ-दहा दिवस आत्या घरोघर जाऊन सांगत फिरली, भाजी विकायला जावं तशी. काहींनी ऐकून घेतलं. काहींना ते आवडलं नाही. गणपत नावाचा एक जण तर तिला अडवून म्हणाला, "आत्या, तू काही सांग. म्या सोता पाह्यलं. बीबीच्या बाजारात, लिंबाखाली."

"तू तवा सासुरवाडीले सुलतानपुरात व्हतास, बे."

"व्हतो. तरी पाह्यलं."

त्याच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता. मला त्याचा राग येईना. लिंबाखालच्या त्या गर्दीत तोही माझ्याशेजारीच उभा होता.

गठ्ठा आत्याने मागून घेतला. कागद पाण्यात भिजत घातले, दोन दिवसांनी पाट्यावर मेथ्यांबरोबर वाटले आणि पालथ्या घागरीवर लगदा थापून टोपलं केलं, आमच्याकडे बाया रद्दीचं करतात तसं. वाळल्यावर त्यात मिरच्या भरून ती बाजारात बसली. टोपल्याच्या कडेला एका ठिकाणी अक्षरं पुरती विरघळली नव्हती. वाकून पाहिलं तर 'मजुरी' असं वाचता यायचं.

"नवीन लिव्ह," ती म्हणाली. "मजुरीचं लिव्ह. ते खरं हाय. एक खरं असलं का पुरे."

मी लिहिलं. निम्म्या मजुरीबद्दल, मालकाबद्दल, नावानिशी. ते पत्रक बाबांच्या मरणावाचून उभं राहिलं, आणि मालकाला झोंबलंही. त्या मालकाला मी माफ केलेलं नाही. आत्याने मला तसं सांगितलंही नव्हतं.

तिला मात्र किंमत मोजावी लागली. दोन-तीन मरणं अशी झाली की तिला कोणी बोलावलं नाही. "आत्या आपल्या घरचं रडते," असं बाया म्हणू लागल्या. ती ऐकायची आणि वांगी तोडायची. एकदा मी विचारलं, वाईट वाटते काय. ती म्हणाली, "गळ्याले आराम हाय." पण कोणाच्या घरून रडण्याचा आवाज आला की तिचा हात पाण्याच्या सरीत थांबायचा, हे मी पाहिलं आहे. पदराची ती गाठ तशीच होती. लुगडं बदललं की ती जुन्यातली सोडून नव्यात मारायची.

दीड-दोन वर्षांनी भिकाजी वारला. सकाळीच त्याचा मुलगा मळ्यात आला, डोक्याला काही न बांधता. मी तिथेच होते. तो म्हणाला, "आत्या, चाल."

ती विळा हातात घेऊनच निघाली आणि भिकाजीच्या दारी तो कुंपणात खोचून उंबऱ्याशी थांबली. "एक खरं सांग."

मुलाला विचार करावा लागला नाही. "बाप पराणी हातात धरे, पण बैलाले कधी टोचली नाही. आर तशीच्या तशी हाय. गंज चढला तिले."

अंगणात सगळं गाव होतं, गणपतसुद्धा. आत्या पायाशी बसली. लोक थांबले होते, आता ती काय काय आणते ते ऐकायला. तिने हेल काढला. हातात पराणी, टोक कोणाले लागलं नाही रे. हातात पराणी, टोक कोणाले लागलं नाही. तेवढंच. पुन्हा तेच. ना आई आली, ना शेतं, ना तिचा भाऊ. एवढी एकच ओळ ती आवाज फाटेपर्यंत म्हणत राहिली आणि बाया तिच्यामागून ती ओढत राहिल्या. ओट्यावर बसलेला गणपत मान खाली घालून बसला होता.

परतताना मी तिच्यासोबत नाल्यापर्यंत गेले. चाक फसलं तो हाच नाला. तिने तीन चुळा भरल्या, तोंड पुसायला पदर घेतला आणि गाठ तिच्या बोटांना लागली. ती थांबली. गाठ इकडून तिकडून पाहिली.

"ही कायची वं?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कोरा होता. तो खरोखरच कोरा होता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मी तिला सांगितलं, सुरुवातीपासून. टोपी, गोविंदा, माझं पत्रक, भिकाजीचं अंगण. ती दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती, मध्येच "अगं माय" म्हणत होती.

"असं केलं व्हतं म्या?" ती म्हणाली. "मंग? त्याले सांगतलं व्हतं ना?"

"हाव. सांगतलं व्हतं."

"तो काय म्हणे?"

"त्यानं पाणी देल्लं. तू प्याली."

"मंग झालं तं."

गाठ पाण्याने घट्ट झाली होती, बोटांनी सुटेना. तिने ती दातात धरली, मान वाकडी करून ओढली आणि सोडवली. पदर झटकला, खांद्यावर टाकला आणि वाफ्याला पाणी सुटलं असेल म्हणत मळ्याच्या वाटेने निघून गेली. विळा भिकाजीच्या कुंपणातच राहिला होता. मी परत जाऊन तो घेऊन आले.